पाव आटा

ओइवाचे डोळे दोन हिवाळ्यांत गेले,
एकदम नाही, कडेकडेनं,
तळं गोठत जातं तसे.
तेव्हापासून डाय आवळणं-सोडणं माझ्याकडे
आणि ऐकणं त्याच्याकडे.

रिकाम्या पुंगळ्या तो ओंजळीत घेतो, खुळखुळवतो.
मध्येच थांबतो. "यात एक फुटकी आहे."
मी चष्मा चढवून एकेक दिव्याखाली धरते
आणि असतेच,
मानेवर केसाएवढी चीर.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.
कुह्मोच्या उत्तरेला, दलदलीच्या कडेला,
एल्कवर एक बार काढला. चुकला.
मॅगझिन रिकामं केलं तर खालच्या काडतुसाची गोळी
धक्क्यानं पुंगळीत आत गेलेली, नखभर,
थंडीत खांद्यांत डोकं घातलेल्या माणसासारखी.
सैल मान. माझ्या हातची.
तेच पुढे उडवलं असतं तर दाब कुठवर चढला असता, देव जाणे.
हुओवीनेन दुरून विचारत होता, काय झालं केर्त्तू?
काही नाही, म्हटलं,
आणि काडतूस हातमोज्यात सारलं.

फेब्रुवारीत ओइवानं हातमोजा चाचपला.
अंगठा टोकावरून मानेपर्यंत नेला, परत आणला.
कॉफी संपवली.
"डाय काढ," म्हणाला.

मेणबत्तीवर धरून पुंगळीची मान काळी करायची,
प्रेसमध्ये घालायची.
काजळी जिथवर पुसली, तिथवर डाय पोचली.
माझी अर्ध्यावर थांबत होती.
पाव आटा खाली. पुन्हा काजळी.
पुन्हा पाव.
आता पोचली, पण गोळी तरी सैलच.
"आतलं बोंड बघ," तो म्हणाला.
"डाय बाहेरून आवळते,
परत येताना ते बोंड आतून फाकवतं."
म्हणजे एकानं आवळायचं आणि दुसऱ्यानं फाकवायचं?
"चाळीस वर्षं काय करतोय आपण?"

ड्रिलमध्ये बोंड फिरवलं, बारीक पॉलिश पेपर लावला.
मायक्रोमीटरचा आकडा मी वाचायचा, त्यानं मान हलवायची.
दोन शतांश मिलिमीटर.
"पुरे. काढलेलं परत लावता येत नाही."

मग जुनं पितळ.
सात-आठदा आवळलं की आडमुठं होतं,
दाबावं तेवढं उसळून मागे येतं,
आणि एक दिवस चिरतं.
त्याला ज्योत दाखवावी लागते.
"दिवा घालव," म्हणाला, "म्हणजे लाली कळेल."
दिवा घालवला.
स्वयंपाकघरात आम्ही दोघंही मग सारखेच,
तो मोजत होता, मी धरत होते.
सहाला त्यानं "काढ" म्हटलं
आणि त्याच क्षणी मला ती पुसट लाली दिसली.
कशी कळली त्याला, मी विचारलं नाही.

नवं काडतूस टेबलाच्या कडेला टोकावर उभं धरून
मी अंगाचा भार टाकला.
गोळी हलली नाही.
"मला दे."
त्यानं दोन्ही अंगठ्यांनी रेटलं,
गळ्याच्या शिरा वर आल्या,
कान लाल झाले.
नाही हलली.
तो हसला, पण माझ्या बाजूला नाही,
जिथे मी असेन असं त्याला वाटलं तिथे.

"छर्रा आहे ना स्क्रूखाली? नाहीतर आटे खराब होतील."
आहे. शिशाचा तो दाणा त्यानंच घातलाय,
आमच्या लग्नाच्या आधी कधीतरी.
मी स्क्रू घट्ट केला
आणि कड्यावर नेलपॉलिशची रेघ मारली, खूण म्हणून.
त्याचं बोट धरून रेघेवर ठेवलं.
बोट तिच्यावरून गेलं, थांबलं नाही.

मग कानस शोधली.
लोखंडावर तीन वेळा ओढली.
आता तिथे एक खाच आहे,
दिसायला ओबडधोबड.

ते सरकलेलं काडतूस अजून खिडकीत आहे,
जेरेनियमच्या कुंडीमागे.
मोडून टाकायला हवं.
रोज म्हणते.