कोरड्या टबात

वर्धा रोडच्या शोरूममध्ये
तो पोरगा जेट मोजून दाखवत होता. बत्तीस.
मी विचारलं, भरल्यावर वजन किती?
आमचा स्लॅब चौऱ्याऐंशीचा आहे.
बोअरचं पाणी जड, फिल्टर किती दिवस टिकेल?
झाकण एकटीच्यानं उचलवेल का?
त्यानं कॅटलॉग मिटला.

आणि गरम किती होतं?
"चाळीस डिग्री, मॅडम."
हसू आवरेल कसं, बाप्पा!
मे महिन्यात आमच्या गच्चीवरची टाकी
फुकटात त्याच्या वर जाते.

मग चपला काढून
मी कोरड्याच टबात जाऊन बसले.
पायरी उंच होती. उजवा गुडघा बोलला.
हे बाहेरच उभे, पिशवी धरून,
"काहून असं? लोक पाहतात ना..."

म्हटलं, या तर खरं,
दोघांचे पाय मावतात का
तेवढं बघायचं राहिलंय.