कमाल शब्द दोनशे

मानवत, बस स्टँडसमोर
‘नूर मल्टिसर्व्हिसेस’ची मागची खोली.
एक पंखा, दोन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू.
आसिफ विचारतो, “कोणता फॉर्म? पोलीस भरती का तलाठी?”
“मोहीम समन्वयक.”
तो मान वर करून बघतो.
“हे काय निघालं नवीन?”

पुण्याची संस्था. कला आणि सामाजिक न्याय.
जाहिरातीत दोन्ही शब्द शेजारी बसलेले,
एका बाकावरच्या, अजून न बोललेल्या पोरींसारखे.
शेवटची तारीख आज, रात्री बारा.
आमच्याकडं लाईट जाते नऊला.

नाव: दैवशाला.
इंग्रजीत तो तीनदा चुकतो,
चौथ्यांदा जे उमटतं ते मी राहू देते.
शिक्षण: बी.ए., एक विषय राहिलेला.
“झालं म्हणून टाकू का? कोण बघायलंय.”
“राहिलेला लिही.”

अनुभव.
बाण खाली ओढला की यादी उघडते:
शून्य ते एक, एक ते तीन, तीन ते पाच.
आईच्या मागं जिनिंगात रुई वेचली
ती वर्षं कोणत्या ओळीत धरायची?

आपण चालवलेल्या एखाद्या मोहिमेबद्दल लिहा.
कमाल शब्द दोनशे.

मी सांगते, तो टाइप करतो.
जिनिंगच्या मागच्या भिंतीवर
गेरूनं दोन आकडे लिहिले.
बायांची हजेरी. बाप्यांची हजेरी.
घोषणा नाही, कुणाचं नाव नाही.
“एवढंच?”
आकडे पुरुषभर उंच होते.
बायांच्या शून्याला डोळे काढले, टक्क उघडे,
बाप्यांचं शून्य झोपलेलं.
“ही कला, असं लिही.”

रात्री मुकादम चुना फासायचा.
सकाळी भोंग्याच्या आधी मी परत.
गयाबाई पदराखाली गेरू आणून द्यायची,
कुंभाराकडून, उधारीवर.
एकोणीस दिवस.
चुन्याचे थर इतके चढले
की त्या गल्लीत भिंतीएवढं नीटनेटकं
दुसरं काही उरलं नाही.

विसाव्या दिवशी मला ताप.
एकविसाव्या दिवशी गेले तर
आकडे होतेच.
माझ्या हाताचे नव्हते.
कोळशानं काढलेले, वाकडे,
खाली ‘मजूरी’, जू दीर्घ.
मी चूक सुधारली नाही.
कुणी लिहिलं ते अजून माहीत नाही.

आसिफची बोटं थांबलेली.
“दोनशेच्या आत बसलं,” तो म्हणतो.

पुढचा रकाना: परिणाम आकड्यांत सांगा.
“हजेरी वाढली का?”
“नाही.”
“मग काय लिहू?”
“एक.”
“एक काय?”
“आकडाच मागितलाय ना? एक.”

अपेक्षित पगार.
त्या चौकटीकडं आम्ही दोघं
बराच वेळ बघत बसतो.
बाहेर पाथरीची गाडी लागते, भरते, निघून जाते.
शेवटी मी भिंतीवरच्या आकड्याला तिसानं गुणते.
बाप्यांच्या आकड्याला.

संदर्भ: दोन व्यक्ती, ईमेलसह.
एक कॉलेजातले टेंगसे सर.
दुसरी गयाबाई शिंपले.
“तिला कुठला ईमेल?”
तो थोडा विचार करून स्वतःचाच टाकतो.

नऊला चार मिनिटं कमी असताना ‘पाठवा’ दाबलं.
गोल चकरी फिरत राहिली, फिरत राहिली,
मग हिरवी ओळ आली:
निवड झालेल्यांनाच कळवले जाईल.
तीस रुपये. प्रिंटचे वेगळे.
प्रिंट निघता निघता अर्ध्यात लाईट गेली,
माझ्या हातात आडनावापर्यंतचा कागद.

अंधारातच गयाबाईच्या दारात थांबते.
“पुण्याहून फोन येईल. माझ्याबद्दल विचारतील.”
“मी काय सांगू त्यांना?”
“खरं ते सांग.”
केसात अडकलेली रुई ओढत ती म्हणते,
“गेरूचं सांगू का मग?
कुंभाराचे पैसे ऱ्हायलेत अजून.”