हजेरी

फ्रिजच्या दारावर मार्करनं चौकोन काढते मी.
फळा विकत आणण्याइतकी ही गोष्ट खरी आहे
असं अजून वाटत नाही.
तिबिलिसी, ग्लदानी, आठवा मजला,
लिफ्टमध्ये नाणं टाकल्याशिवाय वर येता येत नाही.
वय एक्केचाळीस. त्यातली सोळा वर्षं
शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली.
आता झोपण्याआधी रोज दोन कोडी,
लहानपणी पाढे म्हणायचो तशी.

झाड उलटं करून झालं.
मुळं वर, फांद्या खाली,
पानापर्यंत उतरायचं आणि कुठे थांबायचं ते विसरायचं नाही.
मी विसरते.
मग माझं फंक्शन स्वतःलाच हाका मारत बसतं,
मेमरी संपेपर्यंत.

बाद्री बर्लिनहून माझी खोटी मुलाखत घेतो.
नववीत दोनदा नापास केलं होतं मी त्याला,
अजून बाईच म्हणतो.
"बाई, समजा माल शंभर नग,
मागणारे दहा लाख, सगळे एकाच क्षणी.
कसं कराल?"
मी चौकोन काढते, बाण काढते,
बाणांवर बाण. माझं घोडं तिथंच अडतं.

आई ओट्याशी अक्रोड फोडत असते.
चष्मा कपाळावर, नजर फ्रिजवर.
"ही कसली रांग?"
सर्व्हर आहेत, आई.
"यादी कुणाकडे आहे?"
मी मधला चौकोन दाखवते.
"आणि ती बाई मुतायला गेली तर?"

बाद्री पलीकडे हसायचा थांबतो.

ब्याण्णवचा हिवाळा.
पावाच्या दुकानाबाहेर टायर जळतोय,
चौकटीच्या वहीत नावं,
तळहातावर शाईनं दोनशे सदतीस.
हात धुवायचा नाही.
दर दोन तासांनी हजेरी. ओ आली नाही
की नाव कटाप, मग माणूस मेलेला असो
की नुसता डुलकी घेत असो, वहीला फरक कळत नाही.
आई धाकट्याला पाजायला घरी गेली
की तिच्या नावाला मी ओ द्यायची.
नऊ वर्षांची होते. आवाज जाड काढायची.

एका रात्री दुसरी वही निघाली.
पहिली तीस नावं तीच, पुढे सगळा घोळ,
आणि दोन्ही वह्या खऱ्या.
बायका एकमेकींच्या झिंज्यांपर्यंत पोचल्या.
शेवटी नुत्सा नावाच्या म्हातारीनं
जाळाच्या उजेडात दोन्ही मोठ्यानं वाचल्या,
एक नाव हिच्यातलं, एक तिच्यातलं,
आणि उजाडताना तिसरी वही सुरू झाली.
त्या दिवशी आमचा नंबर चारशे दोन.

खऱ्या मुलाखतीत समोर एक तरुण,
डब्लिनचा, बोलायला गोड,
मागे भिंतीवर सायकल टांगलेली.
प्रश्न जवळजवळ तोच.
मी म्हटलं, यादी एकीकडे ठेवायची नाही.
दोन ठेवल्यात तर भांडतील, म्हणून तीन.
ठरावीक वेळानं हाक मारायची,
पण एका हाकेला ओ आली नाही म्हणून
लगेच काट मारायची नाही.
त्यानं विचारलं, "असं काही प्रत्यक्ष चालवलंय तुम्ही?"
हो.
"किती युजर?"
चारशेच्या वर.
त्यानं काहीतरी टाइप केलं.
"आणि माल संपला तर?"
सांगायचं, मी म्हटलं.
लगेच सांगायचं.
पहाटेपर्यंत थंडीत उभं ठेवायचं नाही कुणाला.

"सुंदर," तो म्हणाला, "आम्ही कळवतो."

आज अकरावा दिवस.
फ्रिज उघडझाप करून मधला चौकोन पुसट झालाय,
बाणांचे नुसते शेंडे उरलेत.
रोज एक कोडं सोडवते, दुसरं टाळते.
आई अक्रोडाची टरफलं कागदात गोळा करते
आणि विचारते,
अजून किती तास देणार आहेस त्यांना?