आदेशानुसार व नावाने

सत्तावीस वर्षं नंदुरबारच्या कचेरीत
आवक-जावकच्या टेबलावर बसलो मी.
मंत्रालयातून आलेला कागद
आधी माझ्या बोटांना लागायचा,
मग साहेबांच्या डोळ्यांना.

जलसंपदा, वित्त, पशुसंवर्धन, आदिवासी विकास,
खाती निरनिराळी, शेवट एकच:
महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या
आदेशानुसार व नावाने.
खाली सही कुणा अवर सचिवाची,
गांडुळासारखी, घाईतली.

शहाद्याच्या अभियंत्याची बदली धडगावला, त्यांच्या नावाने.
दहा दिवसांत तीच बदली रद्द,
तेही त्यांच्याच.
आणि गंमत अशी की नावाने म्हणतात,
पण नाव कुठेच नसतं.

शिपाई सुपडू बोरसे विचारायचा,
"भाऊसाहेब, इतलं बठ्ठं याना नाववर चालस,
मंग हाऊ सोता काय करस?"
मी म्हणायचो, शपथ देतो.

एकदा टीव्हीवर दाखवलीच त्याला,
बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीत.
हिरवळ, मांडव, माइक.
राज्यपाल म्हणाले, "मी"
आणि थांबले.
पुढचं सगळं मंत्र्याने म्हटलं:
स्वतःचं नाव, वडिलांचं, आडनाव, ईश्वराची साक्ष.
"बस? 'मी' इतलंच?"
इतकंच. मग बाकीचे मी-मी करतात,
पाच वर्षं. कधी अडीच.

मंत्री बदलले की रफीक पेंटरला काम मिळायचं.
खातं दोन खात्यांत फाटलं की दोन पाट्या.
माझं रजिस्टर मात्र तेच, तांबड्या पुठ्ठ्याचं.

मग एका फेब्रुवारीत ते खरेच आले,
वसतिगृहाच्या उद्घाटनाला.
विश्रामगृहाच्या चादरी तीनदा धुतल्या.
जेवणाच्या यादीतून कळण्याची भाकरी वर गेली,
खाली आली, पुन्हा वर गेली,
ठेच्यावर मात्र तांबडी रेघ.
कुणी किती पावलं मागे चालायचं
याचा नकाशा मीच टंकला.

हेलिपॅडवरून येताना मिरचीच्या पथाऱ्या लागतात.
शेतंच्या शेतं लाल, क्षितिजापर्यंत,
आमचं कार्पेट त्यापुढे पायपुसणं.
त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.
नकाशात नव्हतं ते.
उतरले, दोन पावलं चालले,
वारा फिरला,
आणि शिंकले.
एक, दोन, पाच, सात.
कोणत्याही खात्याने प्रस्तावित न केलेलं,
मंत्रिमंडळाने सल्ला न दिलेलं,
अगदी त्यांचं स्वतःचं.

मिरची पालटणाऱ्या बुधीबाईने
नाकावरचं फडकं खाली ओढलं.
"नवा दिखस. तोंड बांध ना भाऊ,"
म्हणत गुळाचा खडा पुढे केला.
आमच्या कलेक्टरांचा श्वास अडकला.
त्यांनी खडा तोंडात टाकला, डोळे पुसले,
विचारलं, मजुरी किती मिळते?
तिने आकडा सांगितला.

ते कलेक्टरांकडे बघायला लागले,
कलेक्टर कामगार अधिकाऱ्याकडे,
अधिकारी माझ्याकडे,
मी डायरीकडे.

तीन महिन्यांनी राजभवनाचं पत्र आलं,
तलम कागद, वर सिंहमुद्रा:
उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित.
म्हणजे ते कामगार खात्याकडे गेलं होतं,
तिथून आयुक्तांकडे, तिथून आमच्याकडे,
अहवाल तात्काळ सादर करावा.
आवक क्रमांक मी टाकला.
जावक क्रमांकही मीच.
मधल्या रकान्यात आकडा लिहिताना
थोडा वेळ पेन थांबलं, एवढंच.
पुढची मिरची आली, गेली.
बुधीबाईचा आकडा तसाच.

आता निवृत्त आहे. ओट्यावर बसतो.
माघात वारा पथाऱ्यांवरून येतो
आणि मला शिंका सुटतात.
सुपडू पलीकडून ओरडतो,
"कोना नावनी, भाऊसाहेब?"

मी म्हणतो, "मी"
आणि थांबतो.