सात किलो

पलंगावर टॉवेल अंथरून पाच लेन्स मांडल्यात,
टोपणं घालून बसलेल्या,
पंगतीत वाढप यायचंय अशा.
रात्री अडीचला गाडी येणार.
विमानात हातातल्या बॅगेला माणशी सात किलो,
त्यात शार्वीचं वाफेचं मशीन आलं,
भाऊंच्या गोळ्या आल्या,
उरेल ते माझं.

नेरूळची हवा लेन्सना सोसत नाही.
खाडीवरून येते, खिडकीच्या फटीतून,
आणि काचेच्या आत, बोट पोचत नाही तिथे,
बुरशीचं बारीक जाळं विणून ठेवते.
म्हणून या वर्षभर तांदळाच्या जुन्या डब्यात राहतात
सिलिकाच्या दाण्यांसोबत.
दाणे गुलाबी झाले की कढईत परतायचे, परत निळे होईपर्यंत.
श्रीरंग विचारतो, आज रवा की हे?

पन्नासची येणारच. वजनाला काही नाही,
आणि कमी उजेडात माणसांशी बरी वागते.
रुंद लेन्समध्ये अख्खं कुटुंब मावतं,
पण कडेला उभ्या असलेल्याचं डोकं भोपळ्यासारखं ताणलं जातं,
आणि कडेला दर वेळी जाऊबाईच असतात.
त्या अजून काही बोललेल्या नाहीत.
हेच वाईट.

मॅक्रो नको.
गेल्या वर्षी दापोलीला तासभर मी एका मुंगळ्यावर पालथी पडले होते,
तेवढ्यात शार्वी पोहायला शिकली.
मुंगळ्याचे बेचाळीस फोटो आहेत.

राहिली लांबची.
हप्त्यांवर घेतली, खाडीतल्या फ्लेमिंगोंसाठी.
भाऊ आले, न विचारता तळहातावर घेतली,
डोळे मिटले.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं मापाडी,
हाताचा काटा अजून तसाच.
"चौदाशे. टोपणासकट आणखी दहा."
स्वयंपाकघरातला काटाही तेच म्हणाला.

"हिच्यात काय दिसतं?"
"लांबचं."
"मग ठेव घरी. लांब काय बघायचंय?"

हेच ते वाशीला डॉक्टरांनाही म्हणाले होते.
डॉक्टर विचारत होते, आजोबा, डोळ्यात लेन्स कुठली टाकू,
दूरची की जवळची?
कुठलं पोतं आधी उतरवू, असं विचारल्यासारखे
भाऊ लगेच म्हणाले, जवळची.
नातीचं अक्षर लागलं पाहिजे.
तेव्हापासून मेथी निवडताना एक काडी सुटत नाही,
शार्वीच्या वहीतल्या चुका तिच्या बाईंआधी सापडतात,
आणि गॅलरीपलीकडचं सगळं फिसकटलेलं.
फ्लेमिंगो आले की म्हणतात,
कुणीतरी गुलाल सांडलाय बघ पाण्यात.
दूरचा चष्मा केलाय. तो फ्रिजवर असतो.

कौसानीला गच्चीवरून बर्फाचे डोंगर दिसतात म्हणे, सकाळी,
तेही ढगांच्या मनात असलं तर.
भाऊंनी बर्फ पाहिलाय तो फक्त माशांच्या टोपलीत.

मी मॅक्रो डब्यात टाकली. रुंदही टाकली,
जाऊबाईंसाठी.
लांबची मोज्यांत गुंडाळून मधोमध बसवली.
डोंगर एवढा ओढून आणीन की
कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत मावेल,
काडेपेटीच्या मापाचा,
मग तो भाऊंच्या हातात देईन.
तिथून पुढे त्यांना दिसतं.

भाऊंनी बॅग उचलली.
"तीनशे जास्त आहे."
खाली ठेवून चेन उघडली,
शेंगदाण्याची पुडी काढली: दोनशेवीस.
मग चष्म्याचं घर,
जे मीच दुपारी फ्रिजवरून आणून आत सरकवलं होतं:
ऐंशी.
"आता बसला काटा," म्हणाले, आणि दात घासायला गेले.

चष्मा मी जाकिटाच्या आतल्या खिशात टाकला.
खिसा कुणी तोलत नाही.
वळले तर भाऊ दारात, तोंडात ब्रश.
हाताच्या अंतरावरचं
त्यांना सगळं दिसतं.