बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी, परभणी

निनादचे मित्र कोचीहून येणार असं कळलं,
काही पुण्याहून. म्हणून चार ओळी.

तारीख सतरा मे. आता ती हलत नाही,
पोरीला सुट्टीच तेवढी मिळाली.

गाडी पहाटे पोचते असं तिकिटावर असेल.
तीस वर्षं मी एस.टी.च्या डेपोत वेळा लिहिल्या.
लिहिलेली वेळ आणि आलेली वेळ
ह्या सख्ख्या जावा, एका चुलीवर बसत नाहीत.
उतरलात की आधी बाटली भरा, मग चहा.
रिक्षावाल्याला कार्यालयाचं नाव नका सांगू,
तिडक्यांच्या शिवकन्येचं लग्न म्हणा.
तो तुमचं गाव विचारील, नातं काढील,
आणि वीस रुपये कमी करील.

तुमच्याकडचं ऊन अंगाला चिकटतं म्हणे.
आमचं चिकटत नाही.
येतं, समोर उभं राहतं,
अंगातलं पाणी मापून नेतं
आणि घामाची पावतीसुद्धा देत नाही.
तेव्हा तहान लागायची वाट पाहू नका.
सुती घाला. काळं नको.
पंचा डोक्यावरून, कान झाकून.
खिशात कांदा ठेवा. हसा, पण ठेवा.
बाहेरून आल्या आल्या बर्फाचं पाणी नाही,
रांजणातलं. तेही बसून.

टँकर साडेपाचला येतो. माणशी एक बादली,
नवरदेवाला दोन.
कूलर लावलात तर खिडकी उघडी असू द्या,
बंद केलीत की खोलीत कोची.

परण्या दहाला निघणार, म्हणजे अकराला.
मारुतीपर्यंत नाचा, लई नाचा,
पण सावलीच्या कडेनं.
डांबर मऊ झालेलं असतं.
मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका साडूची चप्पल
रस्त्यानं आहेर म्हणून ठेवून घेतली.

अक्षता ज्वारीच्या असतात इकडं, कुंकवात रंगवलेल्या.
'सावधान' म्हटल्यावर टाकायच्या, आधी नाही.
मागं उभं राहून नवरीवर नेम धरू नका,
त्या पुढच्या टकलावर पडतात
आणि टक्कल बहुधा मोठ्या जावयाचं असतं.
कुणी येऊन तुमच्या डोक्यावर टोपी ठेवील.
फोटो होईपर्यंत काढायची नाही.

पंगतीत बसा.
'नको' म्हणजे वाढप्याला 'थोडं' ऐकू येतं,
'थोडं' म्हणजे 'वाढा'.
खरंच नको असेल तर पत्रावळीवर आडवं व्हायचं,
दुसरा इलाज मला माहीत नाही.
बुंदी मात्र सोडू नका.

आणि एक.
कार्यालयाच्या मागं, भांड्यांच्या खोलीत,
खाटेवर भिंतीकडं तोंड करून
एक माणूस पडलेला दिसेल.
तो मी.

पत्रिकेत माझं नाव व्यवस्थापकांत घातलंय,
निमंत्रकांत नाही. सख्खा चुलता असून.
तिला सायकल शिकवताना ढोपर माझं फुटलं,
ते कुठं छापलंय?
घरचे समजूत काढायला येतील, एकेक करून,
थोरला भाऊ सगळ्यात शेवटी.
मी ऐकणार नाही, ते ठरलेलं आहे.

पाहुण्याला मात्र नाही म्हणता येत नाही.
म्हणून मुहूर्ताच्या जरा आधी,
बारा-सव्वाबाराच्या सुमाराला,
तुमच्यातलं कुणीतरी एक,
कुणीही चालेल, मराठी येत नसलं तरी,
दारात या आणि पाणी मागा.

मी उठेन.
रांजण बोहल्याच्या अगदी शेजारी ठेवलाय.
मीच ठेवायला लावला.