सुस्थितीत

रजिस्टरात माझंच अक्षर आहे :
बोट एक, इंजिन एक, सुस्थितीत जमा.
खाली सही, सहीखाली सप्टेंबर.
मे महिन्यात सोसायटीच्या गोदामातून
युरियाच्या पोत्यांमागून ते ओढून काढलं
तेव्हा तिघांना उचलेना,
आणि वास काही सुस्थितीतला नव्हता.

सांगलीला पाठवलं तर पंधरा दिवस जातात,
म्हणून दस्तगीर मुल्लाला बोलावलं.
फवारणी पंप, पॉवर टिलर, ऊस तोडायच्या दिवसांत ट्रॅक्टर;
होडीचं इंजिन त्याच्या बोर्डावर नाही.
"पेट्रोल पितंय न्हवं? मग आपलंच."

निळ्या ड्रमात पाणी, काठावर फळी, फळीला इंजिन.
दोरी ओढली. एकदा. सातदा.
खांद्यातून कळ गेली तेव्हा सुरू झालं,
सुरू म्हणजे, दवाखान्यात उठवून बसवलेल्या माणसासारखं,
खोकत, थरथरत, ड्रमातलं पाणी हेंदकाळत,
मध्येच एक ठोका गाळत.
दोन मिनिटं. मग गप्प.

"टाकीचं झाकण बघ. श्वास कोंडलाय."
हवेचा स्क्रू मीच आवळला होता,
पक्का, जबाबदारीने, पान्याने.
सैल केला तशी टाकी
फुस्स करून माझ्या तोंडावर बोलली.

आता ते मरत नव्हतं,
नीट जगतही नव्हतं.

दस्तगीरने पेट्रोल बरणीत काढून उन्हाला धरलं :
काकवीचा रंग.
"आठ म्हैनं कोण ठेवतं रं पोटात?"
मी ठेवलं. अर्धी टाकी होती,
सरकारी होतं, सांडायला हात झाला नाही.
कार्ब्युरेटरच्या वाटीत त्याचाच डिंक,
जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं, तेही बुजलेलं.
ब्रेकच्या केबलची एक तार सोडवून
त्याने ते उघडलं, जपून,
कान टोचलेल्या पोरीच्या कानातली काडी फिरवावी तसं.
"मोठं न्हाय करायचं. नुसतं मोकळं."

ठोका तरीही गळतच होता.

"आता येकेक टोपी काढ."
वरच्या प्लगची टोपी काढली :
इंजिन गुडघ्यावर आलं, विझता विझता राहिलं.
लावली.
खालच्याची काढली :
काही नाही. तोच आवाज, तोच धूर.
"हां," दस्तगीर म्हणाला, "ह्यो नुसता बसून पगार खातोय."

बाबासो अंबी हसला. सुकाणू त्याचं, त्याला हसायचा हक्क.
मी शिपाई, पंचायतीत एकवीस वर्षं.
उगाच डोक्यावरची टोपी चाचपली,
जागेवर होती.

खालचा प्लग काळा, ओला.
नव्याला तरतूद नाही, जूनशिवाय मंजुरी नाही.
दस्तगीर आपल्या जुन्या यामाहापाशी गेला
आणि तिचा काढून घेऊन आला.

मग लागला एकदा सूर. पण मागच्या भोकातून पाण्याची धार येईना.
तार घातली : माती.
कुंभारीण माशीचं घर, आत
पिल्लासाठी साठवलेले चार कोळी,
अजून मऊ.
तिनेही काहीतरी सुस्थितीत जमा केलं होतं.
आणि धार आली,
बारीक, कोमट, बाळाच्या मुतासारखी.
आम्ही तिघांनी हात ओले करून पाहिले.

संध्याकाळी घाटावर पाणी गुडघ्याएवढं.
बायका गोधड्या धूत होत्या; एकजण म्हणाली,
"पूर आला का काय, आत्ताच?"
बाबासो बंधाऱ्यापर्यंत गेला, वळला,
मी आवाज मोजत उभा राहिलो,
दोन, दोन, दोन.

रात्री रजिस्टर उघडलं.
'सु' लिहिला, खोडला.
लिहिलं : जुनं पेट्रोल काढून टाकलं.
हवेचा स्क्रू सैल ठेवणे.
एक प्लग दस्तगीर मुल्ला यांचा,
तो आज घरी चालत गेला.